झाडाकडे पाठ करून

काकाजी हल्ली अकोल्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. महिन्या-पंधरवड्यानं त्यांचा फोन येतो, पण तो माझ्यासाठी नसतो. "पोट्टी हाये का घरी?" एवढंच विचारतात. मी "देतो" म्हणतो आणि मुलगी फोन घेऊन गॅलरीत पळते. सात वर्षं मी या माणसाचा भाडेकरू आहे, आणि आमच्यात आता एवढंच बोलणं उरलं आहे. तक्रार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर एवढंही बोललो नसतो.

राजापेठेच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर. खाली ते एकटे. काकू आम्ही राहायला यायच्या आधीच गेलेल्या. वर आम्ही तिघं. राजापेठेत दर तिसऱ्या दुकानाच्या डोक्यावर एक क्लास आहे. त्यातल्या एकात मी गणित शिकवतो, म्हणून सगळी गल्ली मला सर म्हणते. काकाजी मास्तर म्हणायचे. बायको तिवस्याला तहसील कचेरीत, रोज बसनं अप-डाउन. मुलगी मनू गेल्या उन्हाळ्यात आठ वर्षांची झाली. शाळेला सुट्ट्या लागल्या की दिवसभर या पोरीला बघणार कोण, हा आमच्या घरातला दरवर्षीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर खालच्या ओसरीत बंडी-पायजमा घालून बसलेलं असायचं.

काकाजींचा जन्म प्लास्टरमध्ये गेला. भिंतीच्या नाही, हाडांच्या. सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांच्या हाताखाली तीस वर्षं त्यांनी लोकांच्या हातापायांना प्लास्टर लावलं. त्यामुळे माणूस भेटला की नमस्कार-चमत्कार नाही, सरळ त्याचं मनगट धरायचे आणि अंगठा हाडावरून फिरवायचे. खोल्या बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझंही धरलं. थोडा वेळ अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लहानपनी पडले होते तुमी. शेवगा?"

"शेवगाच," मी म्हटलं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, हेही सांगितलं. खूश झाले आणि लगेच किल्ली दिली. भाडं किती, डिपॉझिट किती, हे मलाच नंतर विचारावं लागलं.

झाडांचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. कुठलं झाड कुठलं हाड मोडतं, यावरून ते झाड ओळखायचे. शेवगा म्हणजे मनगट. जांभूळ म्हणजे कोपर. बोरीच्या झाडावरून पडलेलं पोरगं मोडत नाही, नुसतं सोलून निघतं. "निंबाचे पेशंट कमी," असं ते फार आदरानं म्हणायचे, आणि म्हणूनच मागच्या अंगणात त्यांनी कडुनिंब ठेवला होता. समोरच्या बंगल्यातल्या मॅडम एकदा म्हणाल्या, "काकाजी, आंबा का नाही लावला? फळं तरी मिळाली असती." काकाजींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, जणू बाईंनी मांडीचं हाड मोडायचीच शिफारस केली होती.

आता असं बघा. ज्या माणसानं आयुष्यभर मोडलेली पोरं पाहिली, त्यानं पोरांना झाडापासून लांब ठेवायला हवं. कोणीही हेच म्हणेल, मीही म्हणायचो. काकाजींचं उलटं होतं. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या टेबलावर झाडावरून पडलेली पोरं येईनाशी झाली, आणि त्याचा त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी घोर लागला. "आता सोफ्यावरून पडून राह्यले, मास्तर! सोफ्यावरून! दीड फूट उंचीवरून पडते अन् दोनी हाडं मोडते. मले लाज वाटे प्लास्टर लावाले. पडताच येत नाई त्यायले, कोनी शिकवलंच नाई. पह्यले झाडावरचे पोट्टे येत, तं ढोपर फुटेल, तोंड हासरं. पडतानी अंग कसं सोडाचं हे त्या अंगाले ठाव होतं."

हे ते इतक्या वेळा सांगायचे की मनूला पाठ होतं. 'सोफ्यावरून!' हे ती त्यांच्याच आवाजात म्हणायची.

तर मे महिन्यात त्यांच्या अंगणात गल्लीतली आठ-दहा पोरं जमायची. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात अमरावतीच्या उन्हात झाडावर काय, रस्त्यावरही कोणी दिसत नाही. वयाची अट आठ पूर्ण. त्याहून लहान असेल तर ओसरीत बसून बघायचं. मनूनं अशा तीन सुट्ट्या काढल्या.

आठ झाले म्हणून लगेच झाड मिळत नसे. आधी कुटार. कुटार म्हणजे सोयाबीनचा भुसा; गावाकडून ते टेम्पोनं मागवायचे आणि कंपाउंडच्या भिंतीखाली ढीग घालायचे. भिंतीवरून त्यात उडी मारायची, पण हात न टेकवता, खांद्यावर लोळत. "हात मांगं! हात पुढं केला का मनगट गेलंच समज!" हे दिवसातून शंभरदा ऐकू यायचं. आठवडाभर कुटार नाकातोंडात गेलं की मग पाइप. दोन खांबांना वेल्डिंग करून एक आडवा पाइप लावला होता. त्याला लोंबकळायचं आणि बाकीच्या पोरांनी मोठ्यानं तेराचा पाढा म्हणायचा. पाढा संपेपर्यंत जो लटकून राहील त्याला झाड. तेराचाच का, असं मी विचारलं. म्हणाले, "बाराचा लवकर होते, चौदाचा कोनाले येत नाई." माझ्या क्लासमध्ये दहावीची पोरं तेराच्या पाढ्याला अडतात. काकाजींच्या अंगणात दुसरीतली पोरं तो घडाघडा म्हणत, कारण कोणाचे तरी हात वर दुखत असायचे.

आणि सगळ्यात मोठा नियम: झाडावर चढताना मोठ्या माणसानं हात लावायचा नाही. पाय धरायचा नाही, बुडाला टेकू द्यायचा नाही, काही नाही. पहिली बेचकी जमिनीपासून माझ्या छातीइतकी. तिथवर पोरांना बुंध्याला मिठी मारून, पोट घासत, सरकत जावं लागे. ज्याला तेवढं जमलं नाही, त्याचं झाड तिथंच संपलं. "जितकं आपल्या हातानं वर गेला तितकंच त्याले खाली येता येते. त्याच्यावरचं झाड त्याचं नाई," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण पोरं झाडावर असताना काकाजी खुर्ची घ्यायचे आणि झाडाकडे पाठ करून बसायचे. तोंड भिंतीकडे, हातात पेपर. येणारा-जाणारा दचकायचा. नवीन आई आली की हमखास म्हणायची, "अहो, बघा ना तिकडे!" काकाजी पान उलटायचे. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पोट्टे पाहते का कोनी आपल्याले पाहून राह्यलं का. अन् आपल्याले पाहून राह्यलं हे समजलं का मंग चढत नाई, दाखवते. दाखवनाराच पडते, मास्तर. पाठ केली का त्याचं ध्यान फांदीवर राह्यते." आणि मग हळूच, "कान असते ना माहे तिकडं."

कान होते, हे खरं. गल्लीत वेल्डिंगचं दुकान आहे, त्यांची सानिया त्या टोळीची सरदार. दहा वर्षांची, ढोपरं कायम फुटलेली. ती एकदा फार वर गेली आणि अडकली. खाली पोरं एकदम चिडीचूप झाली. काकाजींनी पेपर खाली घेतला नाही. "सानिया, कोनता पाय मोकळा हाये तुहा?"

वरून रडवेला आवाज आला, "उजवा."

"त्याच्याखाली काय हाये?"

"कुछ नहीं."

"अन् जराशीक डाव्या अंगाले?"

वर पानं हलली. "एक फांदी है."

"तुह्या हातायेवढी का पायायेवढी?"

"पायाएवढी."

"मंग?"

मग ती त्या फांदीवर आली. पुढं पुन्हा तेच. 'इथं पाय ठेव, तिकडं हात धर' असं त्यांनी एकदाही सांगितलं नाही, फक्त विचारत गेले, आणि पंधरा मिनिटांनी पोरगी खाली उतरली. उतरल्यावर तिनं रडून घेतलं आणि लगेच पुन्हा चढली. आम्ही क्लासमध्ये याच कामाचे पैसे घेतो आणि उत्तर फळ्यावर लिहून मोकळे होतो.

त्यांचा एककल्लीपणा मात्र कधीकधी डोक्यात जायचा. सुट्टीत पुण्याहून गल्लीतल्या कोणाचा तरी भाचा आला होता. त्याच्या आईनं त्याला सायकलचं हेल्मेट घालून पाठवलं. काकाजींनी ते काढून कुत्र्याच्या पाण्याला ठेवलं. ती बाई भांडायला आली तर म्हणाले, "फांदीत अडकलं तं गळ्याले फास बसन. सायकल आनली तं घालजा." मुद्दा बरोबर होता, पण तिला हेल्मेट परत देताना आतलं पाणीही नीट झटकलं नव्हतं. शिकलेल्या आयांशी कसं बोलावं हे त्यांना कधी जमलं नाही, आणि पुढं तेच नडलं.

आता माझ्या मुलीचं.

मनू पाइपवर नापास होत होती. रोज. तेरा साते एक्क्याण्णव झालं की तिचे हात सुटायचे, काही केल्या आठव्यावर जायचे नाहीत. तीन आठवडे झाले. बरोबरीची सगळी वर, त्या बेचकीला त्यांनी बाल्कनी नाव ठेवलेलं, आणि ही खाली उभी राहून पाढा म्हणणार. काकाजी म्हणायचे, "येईन, येईन. दंड भराले लागले तिचे, मी पाह्यले ना." पण मे महिना संपत आला होता. एका रात्री जेवताना मनू म्हणाली, "बाबा, मी पुढच्या वर्षीपण खालीच राहीन का?" तिनं ते सहज विचारलं.  मी स्वतः गावाकडे डाबडुबली खेळून मोठा झालो, पुण्याकडे ज्याला सूरपारंब्या म्हणतात तो खेळ. कोण खाली राहतो आणि त्याला काय वाटतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लास आटोपून मी लवकर आलो. गल्लीच्या तोंडाशी बर्फगोळ्याची गाडी आली होती आणि सगळी टोळी तिकडे धावली होती. अंगणात दोनच माणसं: भिंतीकडे तोंड करून पेपर वाचणारे काकाजी, आणि झाडाखाली मान वर करून उभी मनू. मी चपला काढल्या. तिच्याजवळ गेलो, तोंडावर बोट ठेवलं, आणि दोन्ही काखांत धरून तिला उचलून बेचकीत बसवलं.

तिचा चेहरा मला अजून दिसतो. असा आनंद मी तिला दुसरं काही देऊन कधी दिलेला नाही. तिनं खाली बघितलं, वर बघितलं, आणि आवाज न करता वरच्या फांदीला हात घातला. तेवढ्यात माझा फोन वाजला. एका मुलाचे वडील, त्याचे मार्क का कमी आले ते विचारत होते. मी बोलत बोलत फाटकाकडे गेलो. म्हणजे त्या वेळी झाडाकडे माझीही पाठच होती.

मागे आवाज झाला. कुटाराच्या ढिगावर नाही, जमिनीवर.

मी पोचेपर्यंत काकाजी तिच्यापाशी बसले होते. पासष्टीतला माणूस खुर्चीतून कधी उठला, मला कळलं नाही. त्यांनी आधी तिची मान पाहिली, मग फ्रॉक वर करून पोट दाबून पाहिलं, मग हात. मनगट वाकडं झालेलं मलाही दिसत होतं. हातातल्याच पेपराची घडी करून त्यांनी तिच्या हाताला आधार दिला आणि वरून आपला दुपट्टा बांधला. हे सगळं करताना ते तिला सानियाच्या नव्या सायकलबद्दल विचारत होते, आणि ती चक्क उत्तरं देत होती. माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "गाडी काढा." मी स्कूटर काढली. मागे ते, त्यांच्या मांडीवर मनू.

डॉक्टरांकडे बाकावर बसलो होतो तेव्हा बायकोचा फोन आला. ती तिवस्याहून येणाऱ्या बसमध्ये होती.

"पडली? कशी पडली?"

"झाडावरून."

"काकाजी काय करत होते?"

काकाजी माझ्या शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "पाठ फिरवून बसले होते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. इतकं खरं बोलून इतकं खोटं बोलता येतं, हे मला त्या बाकावर कळलं. काकाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर हाडांच्या सापळ्याचं चित्र होतं, ते बघत राहिले.

पुढं सगळं आपोआप घडत गेलं. मी फक्त ते अडवलं नाही. बायकोनं समोरच्या मॅडमना सांगितलं, मॅडमनी गल्लीला. तिसऱ्या दिवशी लोक अंगणात जमले. मॅडम तावातावानं म्हणाल्या, "पोरं झाडावर आणि हे भिंतीकडे तोंड करून! आमच्या मुलाला काही झालं असतं तर? सांगून सांगून थकलो आम्ही." पुण्याच्या भाच्याच्या मावशीनं हेल्मेटचं काढलं. काकाजी खुर्चीत बसून ऐकत होते. या वेळी तोंड लोकांकडे होतं. कोणीतरी मला विचारलं, "सर, तुमची पोरगी आहे, तुम्ही बोला."

मी म्हटलं, "झालं ते झालं. वडील माणूस आहे. मला काही तक्रार करायची नाही."

"मन मोठं आहे तुमचं, सर," मॅडम म्हणाल्या. चार लोकांनी माना डोलावल्या. त्या क्षणी माझी मलाच किळस आली, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. आता बोललो तर काकाजी सुटतील, पण क्लासमधल्या पोरांचे आईबाप याच गल्लीत राहतात, बायको काय म्हणेल, आणि मुख्य म्हणजे मनू काय म्हणेल, असलं काहीबाही डोक्यात घोळत राहिलं. काकाजींनी एकदाच विचारलं, "सरलं का समद्यायचं?" आणि उठून आत गेले.

रविवारी अकोल्याहून त्यांचा मुलगा आला. सज्जन माणूस. त्यानं दोन माणसं लावून खालची बेचकी कापून घेतली आणि बुंध्याभोवती माणसाच्या उंचीपर्यंत काटेरी तार गुंडाळली. मग वर येऊन आमची माफी मागितली. माझ्यासमोर हात जोडले त्यानं. "सर, बाबांचं वय झालं. आता मी त्यायले इथं एकटं ठेवत नाही. पोरीचं प्लास्टर निघेपर्यंत थांबतो म्हणून बसले आहेत, ते निघालं की घेऊन जातो." बायकोनं त्याला चहा केला. मी "अहो, कशाला, कशाला" म्हणत राहिलो.

प्लास्टर काढायच्या दिवशी मनू त्या कापायच्या मशीनच्या आवाजाला घाबरली. काकाजी बरोबर आले होते. डॉक्टर त्यांना ओळखणारे. त्यांनी मशीन काकाजींच्या हातात दिली. काकाजींनी ती चालू करून आधी स्वतःच्या तळहातावर टेकवली. "पाह्य, हे फक्त कडक वस्तू कापते. माह्या हाताले काई झालं?" मनूनं हात पुढं केला. त्यांच्या आयुष्यातलं ते शेवटचं प्लास्टर असावं, लावलेलं नाही, काढलेलं. पोरीचा बारका, पांढुरका पडलेला हात त्यांनी दोन मिनिटं अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाले, "बेस जुळलं."

मनू पाणी प्यायला गेली तेव्हा जिन्यात ते मला म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मी तिचं पोट पाह्यलं होतं."

"हो."

"एक ओरखडा नोता."

मला आधी समजलंच नाही. ते वाट बघत उभे राहिले, मी उत्तराला पोचेपर्यंत. शेवटी त्यांनीच सांगितलं, "निंबावर चढलेल्या पोट्ट्याचं पोट सोलून निघते. तिचं कोरं होतं. वर का उडून गेली ते?"

 मी कठड्याला धरून विचारलं, "मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? लोक तुम्हाला इतकं बोलत होते."

"पोरीसमोर बापाले खोटं पाडू? मले नाई जमत ते. ते काम तुमचं हाये."

"मी सांगतो सगळ्यांना. आजच सांगतो."

"लोकायचं सोडा. लोकायचा आवाज तीस वर्षं आयकला म्या. तिले सांगा. घरात, तिच्या मायसमोर, का मी चढवलं होतं म्हनून. ते पोट्टी रोज पडून राह्यली मनात. तिले वाटते, आपल्याले येत नाई म्हनून पडलो. अन् तुमी गप्प, म्हनून ते गप्प."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घेऊन आला आणि ते गेले. मनू त्यांच्या कुशीत शिरून रडली. मला म्हणाले, "येतो."

आणि मी सांगितलं का? नाही सांगितलं. शाळा सुरू झाली, बॅचेस सुरू झाल्या. आज नको, उद्या. बायको दमून आली आहे, रविवारी बघू. असे किती रविवार गेले ते मोजण्यात अर्थ नाही. शिवाय मनू ठीक दिसत होती. ठीक कसली, उत्तम! खाली जायचा हट्ट नाही, दारात हाका मारणारी पोरं नाहीत, शाळेतून आली की पुस्तक घेऊन बसायची. सहामाहीत वर्गात दुसरी आली. आम्ही दोघंही खूश. जिना उतरताना ती भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरायची, ते मला दिसत होतं. पावसाळा आहे, पायऱ्या ओल्या असतात, असं मी स्वतःला समजावत होतो.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. खाली पोरं लगोरी खेळत होती. मनू दाराशी उभी होती. एकानं चेंडू आणायला वळता वळता तिला म्हटलं, "ए तारवाली, सरक!"

मी तिला वर बोलावलं. "तारवाली काय गं?"

"असंच."

"असंच काय?"

"झाडाला तार लागली ना. माझ्यामुळे." ती फ्रॉकची नाडी बोटाला गुंडाळत होती. "मी पाइपवर पास नव्हती झाली. तरी काकाजींची पाठ होती तर चोरून चढली, म्हणतात. म्हणून सगळ्यांचं झाड गेलं. अन् काकाजीपण गेले."

"सानियापण म्हणते?"

"तिनंच कट्टी केली सगळ्यांत आधी. मे महिन्यातच."

"मग तू काय सांगितलंस त्यांना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "काहीच नाही," ती म्हणाली.

मी हिशेबाचा माणूस. मे ते दिवाळी. एका वाक्यानं ती सुटली असती, आणि ते वाक्य तिनं आठव्या वर्षी दाताखाली धरून ठेवलं होतं, माझ्यासाठी. मी बेचाळीस वर्षांचा, आणि मला ते एका बाकावर पाच मिनिटंही जमलं नाही.

तो दिवस रविवारच होता. बायकोनं वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. तिघं जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं, "ऐक. मे महिन्यात मनू चढली नव्हती. मी उचलून ठेवलं होतं तिला झाडावर. काकाजींना कळू नये म्हणून तिला गप्प राहायची खूण केली, आणि फोनवर बोलत निघून गेलो. चूक माझी होती. तिची नाही, काकाजींची तर नाहीच नाही."

बायकोचा हात भाकरीवर तसाच राहिला. तिनं गल्लीत कोणाकोणासमोर काय काय बोलून ठेवलं होतं, ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. अकोल्याच्या मुलानं हात जोडले होते तेही. 

मनू आधी आईकडे, मग माझ्याकडे बघत होती. मला वाटलं रडेल. हात मोडला तेव्हासुद्धा ती फारशी रडली नव्हती. तिनं घास गिळला आणि विचारलं, "मग आता मी सानियाला सांगू?"

"सांग," मी म्हटलं.

ती ताटावरून तशीच उठली. हातसुद्धा धुतला नाही. जिन्यात तिच्या पायांचा आवाज आला आणि मग खालून तिची हाक, सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी.

बायकोनं तिचं ताट उचललं. मग माझंही उचललं. माझं जेवण व्हायचं होतं.